फांदीवरचा फेस

फांदीला लटकलेला फेस, मुठीएवढा.

तेलाची आग पाण्याने विझत नाही. तिच्यावर फेस पांघरावा लागतो.

खोडाच्या रंगाचं खोड. त्याला दोन डोळे.

"फेस काय दाढीला दिलाय?"

हे सगळं एकाच सकाळी, अग्निशमन केंद्राच्या मागे. तिथे सरावासाठी पाण्याचा उघडा हौद होता, हौदावर झुकलेलं झाड, आणि फेस त्या झाडाला. खाली साहेब उभे. त्यांच्यासमोर नवी. तिची उमेदवारी आज संपत होती. तिला ठेवायचं की घरी पाठवायचं, हे दुपारपर्यंत साहेब ठरवणार होते. ते गेल्यावर ती एकटीच पाइप घेऊन सराव करते, हे त्यांच्या कानावर गेलं होतं.

"मी पाणीच मारते, साहेब. फेसाला हात लावलेला नाही."

"मग हा काय आभाळातून पडला?"

"चार दिवसांपासून आहे तो. आपला फेस तासाभरात बसतो. इतका टिकला असता, तर आपण सगळे घरी झोपा काढत बसलो असतो."

ड्रायव्हरकाकांनी मिशीत हसू दाबलं. साहेबांना दाबावं लागलं नाही.

"पाणी मारून पाड तो. आत्ता. मग तुझं बघतो."

काकांनी पंप सुरू केला. पाइप फुगला. नवीने तो खाली ठेवला आणि झाडाला शिडी लावली.

"ए नवे! नोकरी नकोय का?"

"हवीय, म्हणून तर चढतेय."

वर तिने फेस जवळून पाहिला. बाहेरून वाळकी साय, आत ओलं. आत काहीतरी वळवळलं. तिने आधारासाठी खोडाला हात टेकला, तर खोडाचा एक तुकडा सरकला.

झाडबेडूक. खोडासारखाच तपकिरी, पाठीवर गडद डाग, डोळे बाहेर आलेले, लांब पाय दुमडून बसलेला. बोटांच्या टोकांना गोल चकत्या. त्याने उडी मारली तेव्हा मांड्यांवरचे पिवळे ठिपके क्षणभर दिसले. मग तो केंद्राच्या गुळगुळीत भिंतीवर थाप्कन चिकटला आणि चढू लागला.

सगळं केंद्र माना वर करून बघत राहिलं. दोर नाही, शिडी नाही.

"साहेब," काका म्हणाले, "ह्याला घ्या भरतीत. बूटसुद्धा द्यायला नकोत."

टप्.

फेसातून काहीतरी हौदात पडलं. साहेब हौदावर वाकले. पाण्यात एक काळा ठिपका शेपटी हलवत निघाला होता. टप्. आणखी एक. बेडकाचं तिसरं पिल्लू साहेबांच्या टोपीवर पडलं. त्यांनी टोपी हळूच काढली, पाण्यात बुडवली आणि ओलीच डोक्यावर ठेवली.

"पंप बंद! हौद कोणी उपसायचा नाही." मग त्यांनी वर पाहिलं. "आणि तू, उतर खाली, फायरमन."

तिला आजवर इथे कोणी असं म्हटलं नव्हतं. टाळ्या पडल्या. काका धावत जाऊन गाडीची घंटा बडवायला लागले. ती मात्र लगेच उतरली नाही. शिडीवर उभी राहून भिंतीकडे बघत होती. बेडूक छपराच्या कडेला पोचला होता.

फेसाच्या खोलीची एकुलती एक किल्ली गेला आठवडाभर साहेबांच्याच खिशात होती.