सुताची दोरी

"आता लावून बघा, मॅडम," पुंडलिक स्टुलावरून उतरत म्हणाला.

प्रांजलीनं बटण दाबलं. एक्स-रे मशीनचा हिरवा दिवा लागला. सकाळपासून मशीन बंद पडलं होतं आणि बाहेरच्या बाकापाशी चार म्हातारी कुत्री आपापल्या मालकांसोबत ताटकळत होती. डॉक्टर प्रांजलीचं संशोधन याच कुत्र्यांवर होतं. उतारवयातले दात आणि सांधे. शहरातल्या कुणीही आपलं म्हातारं कुत्रं आणावं, तपासणी फुकट.

पुंडलिकनं पक्कड आणि टेस्टर पिशवीत टाकले, पण तो निघाला नाही. वायर जोडता जोडता तो तिचं बोलणं ऐकत होता. मघाशी एका बाईंना ती सांगत होती, की तुमचा कुत्रा चिडका झालेला नाही, त्याची दाढ किडलीय. म्हातारपणी चावायला लागलेल्या कुत्र्यांत बहुतेकांची दाढ तरी सडलेली निघते, नाहीतर खुबा तरी झिजलेला. दुखतंय हे सांगता येत नाही, म्हणून ती चावतात.

"मॅडम, एक विचारू का?"

"विचारा की."

"चावती म्हंजे दुखतच असतंय का?"

"बहुतेक वेळा. का, तुमच्या घरी आहे का?"

पुंडलिकनं दाराकडं पाहिलं. बाकावरचं कुणी ऐकत नव्हतं.

"हाय. म्हातारी हाय एक."

"नाव काय?"

"आता म्हातारीच म्हणतो."

"वय?"

"लई झालं. माझं लग्न व्हायच्या आधीपासून घरात हाय."

प्रांजलीनं मनात अंदाज बांधला. चौदा-पंधरा तरी असेल. अशी केस तिला हवीच होती, खोटं कशाला बोला. ती खुर्ची ओढून बसली.

"दात आहेत का?"

"खालचे ऱ्हायलेत थोडे. नीट जेवत नाय. भाकरी दुधात कुस्करून द्यावी लागती. सारखी गाल घासत बसती."

'खाते' न म्हणता 'जेवते' म्हणणारी माणसं प्रांजलीला आवडत. तिनं जरा मायेनं विचारलं, "आणि चालणं?"

"उठवावं लागतंय. दिवाळीत मोरीत घसरली, तवापासून कंबरंतून गेली. हात लावला की चावती. परवा आमच्या धाकटीला, रूपाला, दंडाला चावली."

"मुलीला इंजेक्शन दिलं?"

"त्याची गरज नाय, मॅडम. घरचीच हाय."

"घरची असली म्हणून काय झालं?" प्रांजलीची माया तिथंच संपली. "आजच्या आज इंजेक्शन द्या. पडल्यावर एक्स-रे तरी काढलात का?"

"नाय. भाऊ म्हणला, म्हाताऱ्या हाडाला कशाला खर्च. सोडून ये म्हणतो कुठंतरी. त्याला काय, तो वैजापूरला ऱ्हातो."

"मग?"

"मी नाय सोडलं." तो बोटावरची चिकटपट्टी सोलत राहिला. "बांधून ठिवतो."

"दिवसभर?"

"मी आन् बायको दोघंबी कामाला जातो. मोकळी ठिवली की रुळाकडं जाती. एकदा गेली व्हती. दोरी सुताची हाय, मॅडम. नायलॉननं कातडं सोलतंय, म्हणून मुद्दाम सुताची आणली."

प्रांजली ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. तिनं त्याला चांगलं फैलावर घेतलं. दाढ दुखतेय, कंबर मोडलीय आणि वर गळ्यात दोरी. दोरी सुताची आहे म्हणजे उपकारच की. "जिनं एवढी वर्षं तुमचं घर राखलं, तिला असं बांधता? लाज नाही वाटत?"

"वाटती," पुंडलिक म्हणाला. "म्हणून तर कुणाला विचारलं नाय. तुम्हालाच पयल्यांदा विचारतोय."

त्यानं मान वर केली नाही. प्रांजलीला आपला आवाज जरा जास्तच चढला असं वाटलं, पण बोललेलं खोटं नव्हतं.

बाकावरची कुत्री तपासून होईपर्यंत तो पायरीवर बसून होता. प्रांजलीनं पिशवीत बॅटरी घेतली, हातमोजे घेतले, चामड्याचं मुसकं घेतलं.

"चला. मी बघते तिला."

"आत्ता? नको मॅडम. तिला नवं माणूस चालत नाय."

"मुसकं घेतलंय. माझं रोजचं काम आहे हे."

"तसं नाय, मॅडम..."

"मग कसं?"

पुंडलिकनं पिशवी खांद्याला लावली. "काय नाय. चला."

त्याची मोटारसायकल पुढं आणि तिची स्कूटर मागं, असे दोघं मुकुंदवाडीत पोचले. स्टेशनच्या मागची अरुंद गल्ली. घराला बाहेरून कुलूप होतं आणि आत टीव्ही मोठ्यानं चालू होता.

"ओरडती, म्हणून टीव्ही लावून जातो," तो न विचारताच म्हणाला. "गल्लीत लाज वाटती."

प्रांजलीला त्याची आता कीवही येईना. तिनं सवयीनं उंबऱ्याजवळ पाहिलं. पाण्याचं भांडंसुद्धा नव्हतं. न बोलता तिनं हातमोजे चढवले आणि मुसक्याचे पट्टे मोकळे केले.

पुंडलिक किल्ली हातात धरून उभाच होता.

"मॅडम, मी तिथंच सांगाया पाहिजे व्हतं. तोंडच उघडंना माझं."

"आधी दार उघडा."

"उघडतो. तेवढं मुसकं पिशवीत ठिवा."

"आणि चावली म्हणजे?"

त्यानं कुलूप काढलं, चपला बाहेर काढल्या, आत जाऊन टीव्ही बंद केला. प्रांजली मुसकं हातात घेऊन उंबऱ्यावर उभी राहिली. आतल्या अंधाऱ्या खोलीत खाट करकरली, आणि थकलेला आवाज आला, "आला का रं, लेकरा? सोड की आता."