तुळजाबाईंचा सोपा

बिबवेवाडीतलं जुनं घर पाडायचं ठरलं, तेव्हा तुळजाबाईंनी एवढंच मागितलं, "नव्या घराला पुढं सोपा पायजे. आल्या-गेल्याला टेकाया उघडी ओसरी लागती."

आर्किटेक्ट परप्रांतातला होता. निम्मे शब्द गिळत भराभर इंग्रजी बोलायचा. घरात कॉलेज शिकलेला एकटा संपत. त्यानं आईचं मागणं सांगितलं. आर्किटेक्ट "सोफा?" म्हणून हसला आणि बरंच काही बोलला. संपतला त्यातलं 'फ्रंट' आणि 'वॉल' एवढंच कळलं. पुन्हा विचारावं, तर वडील त्याच्याकडे कौतुकानं बघत होते.

"काय म्हनला?" आईनं विचारलं.

"होईल म्हणतोय."

पुढची भिंत सरळ वर चढली, तेव्हा तिनं पुन्हा विचारलं.

"सोपा शेवटी करतात," संपत म्हणाला.

वास्तुशांतीला आलेल्या शेजारच्या मथुराबाई दारातच थबकल्या. आत, त्या भिंतीला लागून लांबलचक सोफा होता.

"अगं, सोपा कुठाय?"

संपतनं मान खाली घातली.

"संपत लई मागं लागला हुता," तुळजाबाई म्हणाल्या. "मीच नको म्हनलं."