उवावाला जावई

माझी बायको पक्ष्यांची डॉक्टर आणि मी उवांचा अभ्यासक. त्यामुळे सासरेबुवा पाहुण्यांना मुलीची ओळख तोंड भरून करून देतात आणि माझी पाळी आली की चहाचं बघायला उठतात.

एका जातीची जगात उरलेली शेवटची नऊ गिधाडं बायकोनं पकडून आमच्या संवर्धन केंद्रात आणली आणि पहिल्याच दिवशी औषधाच्या पावडरीनं त्यांच्या उवा साफ केल्या. मी परगावाहून धावत येईपर्यंत कारभार उरकला होता. भिंग घेऊन पीस न् पीस पालथं घातलं, पण औषधालासुद्धा एक ऊ सापडली नाही.

"अगं, ही ऊ फक्त याच गिधाडांवर जगायची! धोक्यातल्या जिवांच्या जागतिक यादीत तीही होती!"

"अरे, उवाच होत्या ना? तुला माझं काही चांगलं झालेलं बघवतच नाही."

काल तिचा सत्कार झाला. "मॅडमनी एक अख्खी जात वाचवली!" असं प्रमुख पाहुणे माइकवरून गरजले, तेव्हा मला राहवेना. जी गेली तिच्यासाठी निदान दोन मिनिटं शांत उभं राहावं, म्हणून मी मान खाली घालून उठलो.



मला उभं राहिलेलं पाहून शेजारचे सासरेबुवा टाळ्या वाजवत उठले, मागोमाग अख्खं सभागृह उठलं, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी चारचौघांत माझी ओळख करून दिली, "हे आमचे जावई!"