बिनवशिंडाचे बैल

पडदा उघडायला वीस मिनिटं होती आणि आसावरी स्टुलावर चढून ब्रशने बैलाला वशिंड काढत होती.

अमेरिकेत, श्रूजबरीतल्या एका शाळेच्या स्टेजवर मराठी मंडळाचा पोळा होता. मागे भिंतभर बॅनर. दोनशे वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा युरोपियन चित्रकाराने रंगवलेलं खेडं. सोनेरी ऊन, गुटगुटीत पोरं आणि नांगराला जुंपलेले दोन पांढरे बैल, आत्ताच शाम्पू करून आणल्यासारखे. मंडळाच्या सेक्रेटरी सुवर्णाकाकूंनी नेटवर ‘सुंदर खेडं’ शोधलं, त्यांना हे मिळालं आणि फार म्हणजे फार आवडलं.

“आसावरी! खाली उतर आधी!” काकू पूजेचं ताट घेऊन धावतच आल्या. “अगं, केवढं क्लासिक पेंटिंग आहे ते!”

“काकू, याला वशिंडच नाहीये. पाठ बघा, पिंगपाँगचं टेबल नुसतं! याची पूजा करायची पोळ्याला?”

“कोणाला कळतंय इथे?”

“मला कळतंय ना!”

काकूंचा आवाज एकदम खाली आला. “हे बघ, ब्रश ठेव. नाहीतर माइक अनीशला देते.”

आसावरीचा हात थांबला. गेल्या वर्षी ‘तुझे उच्चार फार अमेरिकन गं’ म्हणून हुकलेला माइक. यंदा महिनाभर बाथरूमच्या आरशासमोर घोकलेलं निवेदन. कार्डं अजून खिशात होती.

“द्या त्याला,” ती म्हणाली.

आणि तिने ब्रश तपकिरी रंगात बुडवून वशिंडाच्या पुढे, बैलाच्या गुळगुळीत मानेवर, एक खरबरीत डाग काढला.

“शी! हे काय आता?”

“घट्टा. जू घासतं ना तिथला. पुरुषोत्तमकाकांनी सांगितलं मला. हे दोघं नांगर ओढतायत की फोटोला उभे आहेत?”

पुरुषोत्तमकाका विंगेतच उभे होते. रिटायर्ड हार्ट सर्जन, मंडळात सगळ्यात वडीलधारे, म्हणून पूजा त्यांच्या हातची. ते पुढे आले. चष्मा वर करून बैलाकडे बघत राहिले.

“सुवर्णा, ताटात हळद आहे ना? आणि तूप?”

“आहे ना काका. पण पूजेला अजून—”

“पूजा नंतर. आधी खांदेमळण. आदल्या दिवशी करतात खरं तर. गाव सोडल्यापासून माझी सत्तेचाळीस वर्षांची राहिलीये.”

त्यांनी तळहातावर हळद-तूप कालवलं आणि त्या ओल्या डागावर चोळायला लागले. सावकाश, गोल गोल. रंग फिसकटला, मनगटापर्यंत आला. काकांनी जिभेने टक्‌ टक्‌ आवाज केला, जनावराला करतात तसा.

पडद्यापलीकडून अनीशचा आवाज आला, “हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग.”

आसावरीने तो ऐकला. मग खाली उतरून तिने स्टूल दुसऱ्या बैलाकडे ओढलं.