दोन रिंगांचा नियम

तिन्ही कंपन्यांची माहितीपत्रके राजानंद मास्तरांनी वाचनालयाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडली आणि चौथ्यांदा वाचली. तीर्थपुरीतली तारेची फोनलाइन महिनाअखेर बंद होणार होती. त्याआधी इंटरनेटवर चालणारा स्वस्तातला फोन घ्यायला हवा होता. निवड चुकली तर एखाद्याचा जीव जाऊ शकत होता.

एकट्या राहणाऱ्या एकवीस म्हाताऱ्या माणसांची नावे त्यांच्या वहीत होती. पद्धत साधी होती. ज्याने त्याने सकाळी वाचनालयाच्या नंबरावर मिस्ड कॉल द्यायचा. दोन रिंगा आणि बंद. म्हणजे मी ठीक आहे. मास्तर फोन उचलत नसत, नंबर बघून नावापुढे खूण करत. आठ वाजेपर्यंत ज्याची खूण झाली नाही, त्याच्या दारात सायकलने जात. कचरू सुतार अंगणात पाय मोडून पडला होता, तो अशाच एका सकाळी सापडला.

आता बोलणे फुकट झाले आहे, मिस्ड कॉल कशाला, असे लोक विचारत. मास्तर नुसते हसत. रोज एकवीस माणसांशी बोलणे त्यांना जमले नसते. काय बोलावे हेच सुचले नसते.

भुजंग आला तेव्हा ते पत्रकांतच होते. खताच्या दुकानात आला की तो वाचनालयात डोकावून जाई. त्याची आत्या चांगुणाबाई गावाबाहेर वस्तीवर एकटी राहत असे. तिचा फोन रोज सहा चाळीसला यायचा, सगळ्यांच्या आधी. दोन वर्षांत एकदाही चुकला नव्हता. बाकीच्यांना मास्तर तिचेच उदाहरण देत.

भुजंगने पत्रके उलटीपालटी करून पाहिली. "मास्तर, सगळ्यात साधी सेवा घ्या," तो म्हणाला. "रिंग वाजली, नंबर दिसला, बास. आत्याचा फोन तेवढा चुकाया नको."

या काळजीने मास्तरांना बरे वाटले.

पहिली सेवा स्वस्त होती, पण तिला भारीतला मोबाइल लागत होता आणि मास्तरांकडे बटणांचा होता. दुसरी वीज गेली की बंद पडत होती, आणि तीर्थपुरीत वीज सकाळीच जाते. तिसरीत टेबलावर ठेवायचे यंत्र होते, चार तासांची बॅटरी होती, नंबर मोठ्या अक्षरांत दिसत होता. आणखीही बऱ्याच सोयी लिहिल्या होत्या. त्या मास्तरांना कळल्या नाहीत आणि विचारायचा संकोच वाटला. त्यांनी तिसरी घेतली.

जालन्याहून शीतल नावाची मुलगी येऊन फोन बसवून गेली. नंबर नवा मिळाला. तो प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये घालायला मास्तर पाच दिवस दारोदार फिरले. सोनूबाईने त्यांना चहा दिला आणि ऐकवलेही. "रोज फोन लावून बोटं झिजली माझी. तुमचा आवाज मात्र आज ऐकून राह्यले."

वस्ती चार किलोमीटरवर होती. तिकडे निघायचे त्या दिवशी भुजंगच भेटला.

"चिखल लई हाय," तो म्हणाला. "आत्याच्या फोनात मी टाकतो नंबर. तुम्ही कशाला सायकल घालता?"

मास्तरांनी त्याचे आभार मानले. त्रास वाचल्याचा आनंद झाला, याची त्यांना थोडी लाजही वाटली.

नव्या फोनच्या पहिल्या सकाळी ते सहापासून यंत्रासमोर बसून होते. सहा चाळीसला चांगुणाबाईचा नंबर आला. पावणेआठपर्यंत एकवीस खुणा झाल्या. मग त्यांनी चहा घेतला.

महिन्याने शीतल तपासणीला आली. तिने आपला लॅपटॉप जोडला आणि त्यावर एक लांबलचक यादी उघडली.

"काका, हे मशीन पहिल्या रिंगेलाच कॉल घेतंय, माहीत हाय ना तुम्हाला?" तिने विचारले. "लावणाऱ्याला रिंगच ऐकू येत राह्यते. पण इकडं त्याचं बोलणं रेकॉर्ड होतं. ज्या ऑफिसात फोनवर माणूस नसतो, त्यांच्यासाठी असते ही सोय."

मास्तर घाबरले. लोकांच्या घरातले बोलणे आपल्याकडे साठले होते, तेही त्यांना न विचारता. सगळे पुसून टाका, असे त्यांनी सांगितले. शीतल म्हणाली, पुसते, पण आवाज नीट येतो का तेवढा आधी तपासावा लागेल. तिने एका ओळीवर बोट ठेवले.

सोनूबाई बोलत होती. "एक झाली. दोन झाली. हाय बरं का मास्तर मी अजून. उचलू नका, लाजसाल."

शीतल हसली. मास्तरही हसले. पुढच्या ओळीत ख्वाजामियाँ आपल्या बकरीला दटावत होते, की पहले मास्टरजी को बताने दे, फिर चारा.

मास्तरांना वाटले, इतके दिवस आपण उगाच भ्यालो. बोलायला एवढे अवघड काय होते? ते थोडे पुढे सरकले.

"चांगुणाबाईंचा लावता का?" त्यांनी विचारले. "सहा चाळीसचा. दोन वर्षं झाली त्यांचा आवाज ऐकून."

शीतलने यादीतली सगळ्यात वरची ओळ दाबली. आधी थोडी खरखर झाली.

"एक," भुजंगचा आवाज म्हणाला.

मागून एक बाई झोपेत कुरकुरली. "आज रविवार हाय. एक दिवस न्हाई लावला तर काय बिघडतं?"

"दोन," भुजंग म्हणाला. "न्हाई लावला तर मास्तर वस्तीवर येईल. मंग त्याला म्हातारी कुठून दाखवू?"