अडीच मणांचं अंतर

बियाण्याची पेंढ्यात बांधलेली मुडी जानकीनं स्वतःच्या हातानं सोडली होती, आणि आता ते लाल भात चुलीवरच्या हंड्यात उकडत होतं. खाऱ्या मळ्यातलं, सासूनं राखून तिच्या हवाली केलेलं बी. सरकारी शेतावर ते हरलं. मग ठेवायचं कशाला? खाऊन टाकावं.

"अक्का, ह्या घे नवा बी." धाकट्या भावानं, गुरुदासानं, खांद्यावरची पिशवी पडवीत टेकवली. तो त्या शेतावर कारकून होता. मागच्या आठवड्यात इथंच उभं राहून त्यानं सांगितलं होतं की, चार जातींचं भात पाच पाच वाफ्यांत लावून पाहिलं, आणि 'त्यांच्या उत्पन्नात फरक आहे, हे गणितानं सिद्ध झालं आहे.' एवढं वाक्य तो शुद्ध बोलला, म्हणून जानकीला ते जास्तच खरं वाटलं.

बी सांडू नये म्हणून पिशवीच्या तोंडाशी एक कागद खोचला होता. तिनं तो काढून सरळ केला. अक्षर गुरुदासाचं, तिनंच त्याला गिरवायला शिकवलेलं.

एकरी सरासरी. सरकारी जात, साडेवीस मण. गोव्याची, वीस. लाल, साडेएकोणीस. घाटावरची, चौदा. खाली रेघ मारून लिहिलं होतं: दोन जातींत अडीच मणांहून जास्त अंतर असेल तरच तो फरक धरावा.

जानकीनं बोटांवर वजाबाकी केली. सरकारी आणि लाल, अंतर एक मण. तिनं पुन्हा केली. एकच.

घाटावरची तेवढी सगळ्यांपासून लांब पडली होती. खाऱ्या पाण्यानं करपली होती ती. सरकारी शेताच्या बांधावरून जाताना जानकीनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

"गुरू, तू सांगलंस तो फरक ह्या घाटवालीचो?"

"चारांत फरक होतोच गो. मी खोटा बोलूक नाय."

"माझा लाल हरला काय? तेवढा सांग."

गुरुदास चुलीकडे बघत राहिला. "साहेबान सांगल्यान, फरक दिसलो मा, मगे थंयच थांब. फुडचा कोण इचारता? गावान बी बदलल्यान तर माका कायम करतलो."

"आणि तू थांबलंस."

"थांबलंय खंय? मनाक बरा वाटूक नाय, म्हणान घराक येवन फुडचा गणित केलंय. ता काय, तुझ्या हातात आसा."

"म्हणजे कळला, आणि मगे गप रवलंस."



जानकी उठली. लाल भाताची आणखी एकच मुडी वाडीत उरली होती, पलीकडे आनंदीबाईकडे. ती दोन घरांमधल्या दगडी गडग्याशी पोचली, तोच पलीकडून आनंदीबाईच ओरडली, "जानक्ये, तू सांगलंस तसा आमचा पण उकडून झाला गो! सुकाक खंय घालूया, तुझ्या खळ्यात?"

जानकी मागे वळली. हंड्यात पळी घातली, निथळून भात काढलं. दाण्यांची टरफलं उकलली होती.

"हात कर."

लहानपणी खाऊला करायचा तसा गुरुदासानं हात पुढे केला. तिनं पळी त्याच्या तळव्यावर रिकामी केली.

"घे. पेर."

भात चटके देत होतं. त्यानं मूठ मिटली, ती उघडली नाही.