लॉरीतली जागा

लॉरीत एकाच माणसाला आडवं घालता येणार होतं. बाकी सगळी सुक्या मासळीची पोती. तोंडवलीच्या किनाऱ्यावर वर ओढताना होडी कलंडली आणि दोघे खाली सापडले होते, यशोदेचा नवरा लवू आणि तिचा पाठचा भाऊ हरिश्चंद्र. हरिश्चंद्राचं डोकं फुटून सदरा रक्ताने भिजला होता. लवूची मांडी मोडली होती, पण रक्ताचा थेंब नव्हता. मालवणच्या दवाखान्यात कोणाला न्यायचं? सगळे यशोदेच्या तोंडाकडे बघू लागले.

"भावाक न्हेवा," ती म्हणाली. "पाय मोडान कोण मरणा नाय."

लॉरी माडांआड जाईपर्यंत लवू तिकडे बघत राहिला.

परशुराम वैद्याने मांडीला कामट्या बांधल्या. दोन दिवस लवू पेज जेवला, बायकोशी बोलला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला धाप लागली. बोलणं भरकटलं. यशोदेलाच तो आई म्हणून हाक मारू लागला. काखेत, गळ्याखाली बारीक लाल ठिपके उठले.

आचऱ्याहून डॉक्टर आले. मोडलेल्या हाडातली चरबी रक्तातून फुप्फुसात जाऊन अडकली आहे, असं त्यांनी सांगितलं. यशोदेला ते पटेना. लागलं पायाला, ते छातीत कसं जाईल? आता मालवणला नेऊ का, तिने विचारलं. हलवलंत तर वाटेतच जाईल, ते म्हणाले. आणि त्या दिवशीच नेलं असतं तर? तिथे पाय वजन लावून स्थिर ठेवला असता, डॉक्टर म्हणाले; कदाचित वाचला असता.

दिवेलागणीला लवूचा श्वास थांबला.

दुसऱ्या दिवशी लॉरी परत आली. हरिश्चंद्र आपल्या पायांनी उतरला. वाटेत त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. बहिणीच्या अंगणात एवढी माणसं बघून, ती आपल्यासाठीच जमली असावीत असं त्याला वाटलं. डोक्याच्या पट्टीवरून हात फिरवत तो हसला.

"डॉक्टर म्हणालो, नुसती कातडी फाटलेली," त्याने कुंपणाच्या बेड्यातूनच बहिणीला सांगितलं. "चार टाके घातल्यान. हय गावातच रवान पण भागला असता, गो."